नेल्डाच्या शेडची धूळ

हॅरोज फोर्ड, नॉर्थ कॅरोलायना
ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा

प्रिय ट्वायला,

तुझ्या वडिलांच्या भांड्यांचं प्रदर्शन शनिवारी सुरू झालं. निमंत्रणाच्या कार्डावरच तू उलट टपाली लिहून पाठवलंस, ‘माझ्या आईला मी काचेमागे बघणार नाही,’ आणि खाली नुसती सही. मला आधी रागच आला. म्हटलं, अगं, वसंत ऋतूपासून मी इथे कुणासाठी राबतेय? मग ते कार्ड मी कॉफीच्या डब्याला टेकवून ठेवलं, रोज सकाळी वाचत गेले आणि राग हळूहळू ओसरला. आली नाहीस ते बरंच केलंस, पण तू म्हणतेस त्या कारणासाठी नव्हे. तुझी आई काचेमागेसुद्धा नाही. ती त्या दालनात कुठेच नाही. हे कसं झालं ते तुला माझ्याकडूनच कळावं असं मला वाटतं, कारण बाकीचे सगळे तुला कळवतील की प्रदर्शन फार देखणं झालंय, आणि ते काही खोटं बोलणार नाहीत.

काम मी मागून घेतलं होतं. आमच्या संग्रहालयाच्या संचालक बाई मिसेस व्हिटेकर आधी बाहेरून कुणीतरी नावाजलेला माणूस आणायच्या विचारात होत्या. मी म्हटलं, बर्ल टिलरींच्या कुंभारकामाच्या शेडमध्ये मी पाच वर्षं शिकाऊ म्हणून माती उपसली आहे, त्यानंतरचं सगळं आयुष्य दुसऱ्यांच्या भांड्यांना उभं राहायला जागा करून देण्यात गेलंय, आता ही भांडी परक्याच्या हाती द्यायची असतील तर मला आधी निवृत्त करा. बाई हसल्या. त्या कामाबद्दल बोलताना नेहमी हसतात, आणि कुणाला नाही म्हणताना त्याहून गोड हसतात. पण काम मला मिळालं.

तुला माझी पद्धत माहीत नाही, म्हणून सांगते. भांडी दालनात यायच्या आधी मी प्रत्येक भांड्याची पुठ्ठ्याची आकृती कापते, खऱ्या उंचीची, आणि ती भिंतीपाशी उभी करून आठवडाभर तिच्याशी भांडत बसते. सगळा खेळ उंचीचा असतो. संग्रहालयांना मोठं भांडं दिसलं की ते चौथऱ्यावर चढवायची घाई होते, मग बघणाऱ्याच्या डोळ्यासमोर येतं ते नेमकं भांड्याचं पोट, आणि तोंड कुठे वरच्या वर दिव्यात हरवतं. तुझ्या वडिलांचे रांजण जमिनीवर ठेवायचे म्हणून घडवलेत. ओसरीवर, कोठारात, वाकून आत हात घालायचा. म्हणून मी त्यांच्यासाठी वीतभर उंचीचा एक लांबच लांब ओटा केला आणि काच लावू दिली नाही. ‘कुणाची लाथ लागली तर?’ बाईंनी विचारलं. मी म्हटलं, टिलरींच्या ओसरीवर कुत्री, पोरं आणि दारू प्यायलेले पाहुणे यांच्यातून हे रांजण तगलेत, शाळेच्या सहलीतूनही तगतील. तरी आत वाळूच्या पिशव्या ठेवल्या आणि बुडाला मेण लावलं. तेवढी अक्कल मलाही आहे.

तुझे वडील दर मंगळवारी येत. चौऱ्याऐंशी वर्षांचा माणूस, स्वतः ट्रक चालवत यायचा आणि दुसऱ्या मजल्यावर कठड्याला हात न लावता चढायचा. मी मधल्या वळणावर बाकड्यावर टेकले की वरून ओरडायचे, ‘पोरी, आपल्यात म्हातारं कोण आहे ते एकदा ठरवून टाकू या.’ मी म्हणायचे, तुम्हीच ठरवा मिस्टर बर्ल, मी जरा बसते. दालनात आल्यावर त्यांची जीभ आणखी सुटायची. पहिल्या दिवशी दिवे बघून म्हणाले, ‘कुणाचं मयत आहे?’ त्यांना ऊन हवं होतं. मीठ टाकून भाजलेल्या भांड्याची कातडी सकाळच्या तिरप्या उजेडातच खरी दिसते, हे त्यांचं म्हणणं मला पटलं, आणि दिवे मी छतावरून काढून कडेला खाली आणले. ट्वायला, खोटं कशाला बोलू, त्या उजेडात, बघण्यापुरती आणलेली एक तपकिरी बरणी उजळली तेव्हा मी हातातलं काम ठेवून तिच्यासमोर जाऊन बसले. हा माणूस मोठा कलावंत आहे. तुझ्याशी तो जसा वागला त्याने यात फरक पडत नाही, आणि हीच गोष्ट मला सगळ्यात जास्त छळते.

मग एका मंगळवारी ते गेल्यावर मी रिकाम्या दालनात फिरत होते. सगळ्या पुठ्ठ्याच्या आकृत्या जागच्या जागी लागल्या होत्या. आणि मला एकदम जाणवलं की इथे नेल्डा नाही, तुझी आई नाही. प्रत्येक भांड्याच्या बुडाशी त्यांचा शिक्का आहे. माती कुणी चाळली, वरची काचेसारखी झिलई कुणी कालवली, भट्टीत भांडी ठेवायच्या फरशा कुणी घासल्या, याचा शिक्का कुठे असतो? त्या शेडमध्ये दोन कामं होती, तुला तर मी सांगायला नको. एक ओलं आणि एक कोरडं. ओलं काम तुझ्या वडिलांचं. ते चाकावर बसायचे, उघड्या दाराशी, हातात कायम चिखल. कोरडं काम आतल्या बाजूला, तुझ्या आईचं. त्या पावाच्या कारखान्यातून आणलेल्या जुन्या कणीक मळायच्या यंत्रात ती पोत्यांनी कोरडी माती ओतायची, गारगोटीची पूड ओतायची, आणि पांढरा लोट उठला की डोक्याचा रुमाल नाकावर ओढायची. तेवढाच तिचा बचाव. हिवाळ्यात दारं बंद असत, कारण ओली भांडी गोठली की तडकतात. भांड्यांना थंडी बाधते याची त्या घरात सगळ्यांना काळजी होती.

तर मी ठरवलं की शेडच दालनात आणायची. सगळी नाही, तिचा कोपरा. मळायचं यंत्र, वजनकाटा, झिलईच्या पुडींचे डबे, ती लांब फळ्यांची मांडणी. तुझी आई गेल्यापासून मिस्टर बर्ल तयार माती पिशव्यांतून विकत आणतात आणि त्या आतल्या भागाला कुलूप आहे. मी कुलूप उघडायला लावलं. ट्वायला, सगळं तसंच होतं. तिचा रुमालसुद्धा खुंटीवर होता. प्रत्येक फळीवर धुळीचा जाड थर, बोट फिरवलं तर खाच पडेल इतका. ट्रकवाल्यांना मी दहादा बजावलं, पुसायचं नाही, झटकायचं नाही, फडकं लावाल तर याद राखा. फळ्या चादरींत गुंडाळून, लहान मुलं उचलावीत तशा आम्ही त्या आणल्या. आम्हा संग्रहालयवाल्यांना हे एक खूळ असतं. जे जसं सापडलं तसंच ठेवायचं, त्यावरचा डाग, गंज, मळ, सगळं खरं म्हणून जपायचं. घरी आपण ज्याला घाण म्हणून ओल्या फडक्याने पुसू, त्याला इथे हातमोजे घालून नमस्कार करतो. त्या धुळीत तुझ्या आईचं आयुष्य आहे, लोकांनी ते बघावं, असं मला वाटत होतं. मला फार अभिमान वाटत होता.

भट्टी उघडून भांडी विकायच्या आदल्या शुक्रवारची झाडलोट तुला आठवते? शनिवारी उजाडायच्या आत गिऱ्हाइकांची रांग दोरीपाशी लागायची, नक्षीदार टोप्या घातलेल्या शार्लट शहरातल्या बायका यायच्या, म्हणून जमीन लख्ख हवी. मी एका टोकाने, तू दुसऱ्या टोकाने, तुझ्याहून उंच केरसुणी घेऊन. पाणी मारलं तर चिखल होईल म्हणून कोरडंच झाडायचं. मधे भेटलो की एकमेकींना बघून आपण हसून बेजार व्हायचो, भुवया पांढऱ्या, वेण्या पांढऱ्या, दात तेवढे पिवळे. तू मातीच्या पोत्यांवरच झोपायचीस, आणि तुझी आई तुला उचलून न्यायची तेव्हा पोत्यावर तुझ्या अंगाचा ठसा राहायचा. एकोणीस वर्षांची होते मी. मला वाटायचं, असं घर असावं.

धुळीचा कोपरा मांडला आणि त्याच्यासाठी पाटी लिहिली. मी मुद्दाम साधी लिहिली. ‘या दालनातील प्रत्येक भांड्याची माती आणि झिलई नेल्डा टिलरी यांनी तयार केली. याच कामाच्या धुळीने त्यांना फुप्फुसांचा आजार झाला आणि त्यात त्यांचं निधन झालं.’ एवढंच. तुझ्या वडिलांनी ती वाचली. चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचली. मग म्हणाले, ‘ही काढ, नाहीतर ट्रक मागच्या दाराला लावतो आणि भांडी परत नेतो.’ मी म्हटलं, मिस्टर बर्ल, यात चुकीचं काय आहे? म्हणाले, ‘तिच्या घराण्यातच छाती कच्ची. तिची आई तशीच गेली, तिची मावशी तशीच गेली.’ मी म्हटलं, तिची मावशी कापडगिरणीत होती, मिस्टर बर्ल, तिच्या छातीत कापूस होता. त्यांनी टोपी घातली आणि ते निघून गेले, आणि पुढच्या मंगळवारी आलेच नाहीत.

तुझ्या आईच्या मयताच्या दिवशी तू चर्चच्या मागच्या हॉलमध्ये, सगळ्यांच्या हातात ताटल्या असताना, त्यांना म्हणालीस की तुम्ही दार उघडलं असतं तर ती आज इथे बसून जेवत असती. तेव्हा मी तुला दंडाला धरून बाहेर नेलं होतं. लोक बघताहेत, म्हणाले होते मी. आज वाटतं, बघू द्यायला हवं होतं.

मिसेस व्हिटेकरांनी मला बोलावलं. टेबलावर पाटी होती. म्हणाल्या, ‘ग्लेंडा, मला हे फार भिडलं. खरंच भिडलं. पण लोक रविवारी मुलांना घेऊन येतात. त्यांना उदास करून घरी पाठवायचं का आपण?’ मी म्हटलं, एक बाई मेली आहे, थोडं उदास व्हायला हरकत नसावी. त्या हसल्या. म्हणाल्या, ‘शिवाय डॉक्टरचा कागद आहे का आपल्याकडे? वकील विचारतील.’ कागद कुठून असणार? गावातल्या डॉक्टरने शेवटपर्यंत दमाच लिहिला. ती माती कालवते हे त्याने कधी विचारलं नाही, आणि तिला ते सांगण्यासारखं वाटलं नाही. घरातलं काम होतं ते. पाटीचं नंतर बघू, कोपरा तर राहू दे, असं म्हणून मी तिथून निघाले. कोपरा राहिला तर मी कसंही करून तिचं नाव आत घुसवीन, असा माझा हिशेब होता.

मग मिरियम सुट्टीवरून परत आली. मिरियम म्हणजे आमच्याकडे वस्तूंची निगा राखणारी बाई, कशाला ऊन चालतं, कशाला कसर लागेल, हे सगळं तिच्या ताब्यात. तिने दालनाचं दार उघडलं. मी आत मांडणीसमोर उभी राहून दिवा फिरवत होते, आणि त्या तिरप्या झोतात बारीक पांढरे कण तरंगत होते. मला ते इतकं सुंदर वाटत होतं की मी तिला म्हटलं, ये, बघ. ती आत आली नाही. दारातूनच म्हणाली, ‘ग्लेंडा, हळू चालत बाहेर ये. काहीही हलवू नकोस.’ मला वाटलं साप निघाला. तिने दार लावलं, खालच्या फटीला चिकटपट्टी मारली, हवेचं यंत्र बंद करायला लावलं, आणि मग मला कॉरिडॉरमध्ये बसवून विचारलं, ही कशाची धूळ आहे ते तुला ठाऊक आहे ना? मी म्हटलं, मातीची. ती म्हणाली, ‘कुंभारकामाच्या शेडमधली इतक्या वर्षांची कोरडी धूळ, आणि ती तू हवेच्या झोतासमोर मांडून ठेवलीस.’ मग म्हणाली, ‘तू तिथे काम करायचीस?’ मी म्हटलं, फार पूर्वी. ‘कुठलं काम?’ मी सांगितलं, झाडणं, चाळणं, आणि भट्टीच्या फरशांवरचा जुना थर यंत्राने घासून काढणं. ‘ओलं करून?’ नाही गं, कोरडंच. ‘डॉक्टरला दाखवलंयस कधी?’ मी हसण्यावारी नेलं. म्हटलं, मला चौथऱ्यांच्या कडा लावायच्या आहेत, डॉक्टरला वेळ कुठे?

तपासणीचा निकाल आला. अर्ध्याहून जास्त सिलिका, म्हणजे तीच गारगोटी, आणि इतकी बारीक की छातीत गेली की परत बाहेर येत नाही. कामगारांच्या आरोग्याचं बघणारा एक माणूस राज्याच्या राजधानीतून आला. त्याने मला शेडबद्दल विचारलं आणि मी सगळं सांगितलं, मळायचं यंत्र, बंद दारं, रुमाल. तो लिहायचं थांबला आणि म्हणाला, ‘हे काम करणाऱ्या बाई आता कशा आहेत?’ एका अनोळखी माणसाला ते एका वाक्यात कळलं, ट्वायला. मी त्या घरात पाच वर्षं होते, नंतरही येत-जात होते, तिला दोन उशांना टेकून बसल्या बसल्या झोपताना पाहिलं होतं, आणि मी म्हणत राहिले की नेल्डाचा दमा वाढलाय.

दालन साफ करायला माणसं आली ती पांढरे झगे आणि नाकावर मोठमोठे मास्क घालून. प्रत्येक फळी ओली केली, प्लास्टिकमध्ये बांधली, वर लाल चिठ्ठी. रुमाल दोन पिशव्यांत घातला. कुणीतरी तुझ्या वडिलांना कळवलं होतं, ते आले आणि दाराच्या काचेतून बघत उभे राहिले. मी शेजारी गेले. म्हणाले, ‘चंद्रावरची माणसं वाटतात.’ थोड्या वेळाने म्हणाले, ‘माझी भांडी तर ठीक आहेत ना?’ मी त्यांना मारलं असतं. खरंच सांगते, माझा हात उचलला गेला होता. पण त्या माणसाचा चेहरा बघितला आणि समजलं की त्यांना दुसरं काही विचारताच येत नव्हतं. भांडी ठीक आहेत, मी म्हटलं.

कोपरा गेला आणि कोपऱ्याबरोबर पाटी गेली. मिसेस व्हिटेकर म्हणाल्या की आता तर तो विषयच नको, लोकांनी विचारलं की हवा सुरक्षित आहे का, तर आपण काय सांगणार? मी भांडले आणि हरले. बाहेर पडायच्या दाराशी आभाराचा फलक असतो, त्यात दिवे कुणी दिले, विमा कुणाचा, रंग कुणी लावला, यांच्यामध्ये एक ओळ मला मिळाली : ‘माती व झिलई : नेल्डा टिलरी’. अक्षरं इतकी बारीक की मला स्वतःला चष्मा लागतो. रिकाम्या झालेल्या जागी भिंत रंगवून एक लाकडी बाक ठेवला. शनिवारी लोक भांडी बघून दमले की तिथे टेकत होते. एक बाई आपल्या नवऱ्याला म्हणाल्या, इथे बसलं की किती शांत वाटतं नाही? रंग मीच निवडला होता.

उद्घाटनाला अर्धा तालुका लोटला होता. चर्चच्या बायकांनी हॅम घातलेल्या, पावासारख्या मऊ बिस्किटांची ताटं आणली होती, मेयरने भाषण केलं, मेयरला रांजण आणि बरणी यांतला फरक कळत नाही हे सगळ्यांना कळलं. तुझे वडील कोट घालून आले होते. लोक हात मिळवत होते, छायाचित्रं काढत होते. अलीकडेच तब्येतीची तपासणी झाली तेव्हा त्यांची फुप्फुसं तरुणासारखी निघाली, असं ते कौतुकाने सगळ्यांना सांगत होते. ओल्या मातीने काही होत नाही ना. गर्दी पांगल्यावर ते येऊन बाकावर माझ्या शेजारी बसले. मी आधीपासूनच तिथे होते, मला बराच वेळ उभं राहवत नाही हल्ली. समोर सगळे रांजण ओळीने, त्या तिरप्या उजेडात. मग पुढे बघतच म्हणाले, ‘ती म्हणायची दार उघडं ठेवा. दर हिवाळ्यात म्हणायची. मी म्हणायचो, भांडी जातील.’ ते टोपी गुडघ्यावर फिरवत राहिले, आणि मग हळू आवाजात, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तुझं नाव घेऊन म्हणाले, ‘तुझं तिच्याशी बोलणं होतं ना? ट्वायला खोकते का?’ मी म्हटलं, तुम्हीच विचारा तिला. त्यांनी मान हलवली. म्हणाले, ‘मला ती सांगणार नाही. तुला सांगेल.’ ते उठले आणि कठड्याला धरून जिना उतरले.

म्हणून हे पत्र. त्यांनी विचारलं म्हणून नव्हे, त्यांच्यासाठी मी हे करत नाही. मिरियमने मला सोडलं नाही, स्वतःच्या गाडीत घालून दवाखान्यात नेलं. माझ्या छातीच्या फोटोत दोन्ही बाजूंना वरच्या भागात पांढरे ठिपके आहेत, ट्वायला, सिलिकोसिस म्हणतात त्याला. ते जात नाहीत, वाढू शकतात, आणि त्यावर औषध नाही. जिन्यावर मी टेकते ते वयाने नाही. पाच वर्षांची ही कमाई आहे. तू तिथे जन्मल्यापासून होतीस, बाविसाव्या वर्षी ओरेगॉनला गेलीस तोपर्यंत. गेल्या नाताळात फोनवर बोलताना तू तीनदा थांबलीस आणि म्हणालीस की घरात ओल आहे, बुरशीचा त्रास होतो. मी हो म्हटलं आणि बिस्किटांची कृती सांगत बसले. तर आता ऐक. या आठवड्यात डॉक्टरकडे जा. दमा आहे का, असं विचारू देऊ नकोस. आधी सांग की मी कुंभाराच्या शेडमध्ये वाढले, आईबरोबर कोरडी माती चाळली, कोरडी जमीन झाडली, आणि माझी आई याच आजाराने गेली. हे शब्द तुझ्या आईने कधी उच्चारले नाहीत, म्हणून तिला शेवटपर्यंत दम्याची औषधं दिली. छातीचा फोटो काढायला लाव, काढत नाहीत म्हणाले तर तिथेच बसून राहा, उठू नकोस. मला घाबरवायचं नाहीये तुला, पण मी स्वतः फार घाबरले आहे आणि मला तू हवी आहेस. त्यांच्याशी बोलू नकोस हवं तर, प्रदर्शन बघू नकोस, मला माफ करू नकोस. फक्त पत्र मिळालं की फोन उचल आणि मला खरं सांग, तू खोकतेस का?

तुझीच,
ग्लेंडा